माय सेलोवा, बारा

रकाना अकरावा. परदेशात कोणाला भेटणार? नाव, नाते, पत्ता.

कमरुद्दीननं लिहिलं होतं : माय सेलोवा. नात्याची जागा रिकामी. पत्ता : यहुदी मोहल्ला, प्राग.

पासपोर्टच्या अर्जातल्या या एका ओळीपायी पोलीस चौकीचा जमादार, श्रीमंत नावाचा, कमरुद्दीनच्या बेलापूरच्या दोन खोल्यांच्या घरात येऊन बसला होता, आणि त्याच्यापुढचा चहा बशीत तसाच गार होत होता.

"ही बाई कोण?"

"माहीत नाही, साहेब."

"माहीत न्हाई, आन् भेटाया निगालास? सात समुद्रापल्याड?"

"अब्बांच्या ओळखीतली आहे."

"अब्बा कंदी गेल्ते तिकडं?"

"अब्बा भिंगारच्या पुढं कधी गेले नाहीत."

जमादाराला हसू आलं. त्यानं ते गिळलं.

"पत्रं येत्यात तिची?"

"नाही."

"वय काय?"

"असेल ऐंशीच्या पुढं. असली तर."

"असली तर!" जमादारानं पेन्सिल कानावर खोचली. "हे बघ मिस्तरी. लढाई होऊन वरीस न्हाई झालं. दिवस कसलं हायेत, तुला सांगाया नको. तुझा कागद मी पुढं धाडला आन् उद्या काय निगालं, तर कमरंचा पट्टा माझा जातो, तुझा न्हाई. सोमवारी येतो. तवर बाईचा पत्ता लाव. न्हाईतर शेरा मारतो."

तो गेला. आतल्या खोलीतून अब्बांचा आवाज आला, "कोण होतं रे? मायचं विचारत होतं का कुणी?"

&nbsp;

शेरा म्हणजे काय ते सांगायला हवं. शेरा म्हणजे पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही म्हणजे साखर कारखान्यासाठी जिकडून नवं टर्बाइन यायचं होतं तिकडं, प्रागच्या मुलखात, सहा आठवडे शिकायला जाणाऱ्या दोन फिटरांपैकी एक कमी. बाराशे कामगारांतून दोन नावं निघाली होती, आणि त्यातलं एक शिंप्याच्या पोराचं, कमरुद्दीनचं, होतं. सगळ्या बेलापुरानं त्याला पेढे मागितले होते.

आणि शेरा म्हणजे कोट तसाच पेटीत.

&nbsp;

कोट. (अब्बा, म्हणजे नूरुद्दीन शिंपी, हे इतक्यांदा सांगत की आता शब्दसुद्धा बदलत नसत.)

सन चाळीस. नगरला इंग्रजांनी जर्मन लोक तारेच्या कुंपणात ठेवले होते. तिथं कपडे शिवायला मी जायचो. त्यातला एक एरवीनसाहेब. सगळ्यांपासून लांब बसायचा. मी म्हटलं, साहेब, तुमच्या लोकांत का बसत नाही? तो म्हणाला, मास्टर, मी यहुदी. ज्यांच्या भीतीनं पळालो, त्यांच्याच संगं इथं कोंडलाय मला. कागदावर मी जर्मन!

त्याचा कोट विटला होता. मी म्हटलं, उलटवून देतो. आतली बाजू बाहेर, नव्यासारखा. जुम्मेरातीचा, गुरुवारचा, वायदा केला. माप घेताना त्यानं घराचा पत्ता सांगितला. म्हणाला, मला इथून हलवलं तर कोट घरी धाड. मी वहीत लिहून घेतला. जुम्मेरातीला कोट घेऊन गेलो, तर कुंपणात कुणी नाही. सगळ्यांना गाडीत घालून नेलं होतं. कुठं, ते कुणी सांगेना.

घरी त्याची माय. माय सेलोवा.

&nbsp;

बत्तीस वर्षं दर उन्हाळ्यात त्या कोटात ताजा कडुलिंब घातला गेला. कुणाला तो अंगाला लावू दिला नाही. कमरुद्दीनच्या लग्नातसुद्धा नाही. आणि एवढ्या वर्षांत माय घरातलीच होऊन गेली. हिवाळा पडला की अब्बा म्हणत, मायकडं बर्फ पडत असेल. मुमताज नवी सून होऊन आली, तेव्हा तिला वाटलं होतं की माय ही चुलतसासू आहे. आता तिनं मायसाठी हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या आणि तिला घोर एकच : "म्हातारीचा हात केवढा असेल हो?"

&nbsp;

"खोड ते नाव," कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणाले. "कोणी नाही, असं लिही. आजच्या आज मोकळा होशील."

"मग तिथं गेल्यावर भेटता येईल?"

"वेडा आहेस का? खाली सही कशावर करतोस? लिहिलेल्यांखेरीज कुणालाही भेटणार नाही, असं आहे ते. प्रागमध्ये एक रविवार मोकळा मिळतो. गपगुमान पूल बघायचा, फोटो काढायचा, परत यायचं."

"पण खोटं कसं लिहू, साहेब?"

"खोटं?" इंजिनिअरांनी चष्मा काढला. "ती बाई खरी आहे, हे तरी तुला ठाऊक आहे का?"

मशीनचं बेअरिंग गरम झालं की कमरुद्दीन हात लावून सांगायचा, कुठं घासतंय. इथं हात कुठं लावावा?

वहीला. वही तर होती! पण वही मोडीत. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कमरुद्दीनच्या पिढीला मोडी म्हणजे मुंग्यांची रांग.

&nbsp;

राहुरीला राधाकृष्ण म्हणून एक निवृत्त रेकॉर्ड कारकून होते. जमिनीच्या भांडणात दोन्हीकडचे लोक त्यांच्याकडून जुने कागद वाचून नेत. रविवारी सकाळी कमरुद्दीननं मापाची वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती नाकाला लावली, आणि मोडीतली ओळ जशी होती तशी, न तोडता, बाळबोध देवनागरीत उतरवली :

एरवीनसाहेबकोटउलटविणेछाती३८बाही२५पाठ१७परागयहुदीमोहल्लामायसेलोवा१२

"मोडीत शब्द तोडत नाहीत," ते म्हणाले. "टाक उचलायचाच नाही. तोडायचं ते वाचणाऱ्यानं. तुम्ही कसं तोडलंत?"

"माय. सेलोवा. बारा."

"बारा कशाचे?"

"अब्बा म्हणतात, खिशाची खोली असेल. कोटाला खोल खिसा लागतो."

राधाकृष्णांनी नख ओळीवरून फिरवलं. "मिस्तरी, मापं पाठीपाशी संपली. पुढं गावाचं नाव आलं. मग मोहल्ला आला. गाव, मोहल्ला, पुढं काय येतं? मी चाळीस वर्षं हेच वाचलंय. पुढं गल्ली येते. आणि गल्लीपुढं घर." ते थांबले. "बाईला नंबर नसतो, बाबा. घराला असतो."

कमरुद्दीन सायकल दामटत कारखान्यावर आला. रविवारची सुट्टी, पण इंजिनिअर बंगल्यावर होते. त्यांनी मागच्या खेपेला आणलेला प्रागचा नकाशा टेबलावर पसरला. नदीच्या वळणाजवळ एक बारीक रेघ होती, आणि रेघेवर इंग्रजी अक्षरं. कमरुद्दीननं ती एकेक करून जुळवली. मायसेलोवा. एकच शब्द होता. सलग.

"हा ज्यूंचा भाग होता," इंजिनिअर हळूच म्हणाले. "मी गेलो होतो. जुनं कबरस्तान आहे, दगडावर दगड चढलेले. बाकी म्युझियम. माणसं त्या मोठ्या लढाईत जर्मनांनी नेली. परत आली नाहीत."

मघाशी राहुरीत त्याला केवढं हायसं वाटलं होतं! बाई नाही, म्हणजे भानगड नाही. आता तसं हायसं वाटल्याची त्याला लाज वाटली.

घरी गेल्यावर अब्बांनी विचारलं, "लागला का पत्ता?" तो म्हणाला, "लागला." अब्बांनी मुमताजला इस्त्री पेटवायला सांगितली.

&nbsp;

सोमवार. जमादार श्रीमंत. तीच खुर्ची. आतल्या खोलीचं दार उघडं. खाटेवर अब्बा, मांडीवर कोट.

"हां, मिस्तरी. बाई कोण?"

कमरुद्दीन बाहेर जाऊन बोलू म्हणाला. जमादार हलला नाही. "बाहीर कशापाई? लपवायसारखं हाय का काय?"

"बाई नाही, साहेब." आवाज जितका खाली नेता येईल तितका त्यानं नेला. "गल्ली आहे. ही वही. हा नकाशा."

जमादारानं नकाशा उलटा धरला, मग सुलटा. रेघेवर बोट ठेवलं. मग परवाचं गिळलेलं हसू एकदम बाहेर आलं. "आयला! म्हंजी तू गल्लीला भेटाया निगाल्तास? आन् मी वर लिवणार हुतो, संशयित म्हातारी!" तो डोळे पुसायला लागला. मग पेन्सिल काढली. "बरं. तिथं राहतं कोण? कुणाला भेटनार? आता नीट सांग. मोठ्यानं सांग, मला जबाब लिवायचाय."

आत खाट करकरली.

"कोणी नाही," कमरुद्दीन म्हणाला.

जमादारानं लिहिलं.

"कोणी नाही?" हे आतून आलं.

कमरुद्दीन दारात जाऊन उभा राहिला. "नाही, अब्बा. नेलं सगळ्यांना."

अब्बांची बोटं कोटाच्या शिवणीवरून फिरत होती. "गाडीत घालून?"

"हो. गाडीत घालून."

चुलीवर काहीतरी उतू गेलं, तरी मुमताज जागची हलली नाही. जमादारानं टोपी हातात घेतली. कोणासाठी, ते त्यालाही कळलं नसावं.

"घराला दार तर असेल," अब्बा म्हणाले. "बारा नंबरला."

"असेल."

"मग जा. दाराला हात लाव आणि सांग, शिंप्याला उशीर झाला." त्यांनी कोट पुढं धरला. "अंगात घालून ने. पेटीत चुरगळेल."

कमरुद्दीननं बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या कोटात हात घातले. कडुलिंबाचा वास आला. बाह्या लांब होत्या, बोटं निम्मी झाकली गेली. मुमताज दुमडायला पुढं आली.

"दुमडायची नाही," अब्बा म्हणाले. "माप त्याचं आहे."

जमादारानं कागद पुढं सरकवला. जुनी ओळ त्यानं खोडली होती. रकाना अकरावा : कोणी नाही. सही करताना बाही शाईत बुडू नये म्हणून कमरुद्दीननं ती दुसऱ्या हातानं धरून ठेवली.