पोकळ दातांचा काटा

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. पण पायात मोडणारा नव्हे. लांब दांडा, खाली पाय द्यायला आडवी पट्टी आणि पट्टीला चार पोकळ दात, असा माझा बांधा. एका वेल्डरने मला लोखंडी नळाच्या तुकड्यांतून घडवले, ते आपल्या वहिनीची काळजी पाहून.

वहिनींनी घरामागे मूठमूठ रोपे लावून हिरवळ वाढवली होती. त्यांचे यजमान बसचे ड्रायव्हर. त्यांना सपाट रस्त्याची फार आवड, आणि ती आवड ते घरीही घेऊन आले. सुट्टी मिळाली की ते हिरवळीवर जड रोलर फिरवत. जमीन दाबून दाबून दगडासारखी झाली. पाणी घातले की वर तळे साचे आणि खाली मुळे तहानलेलीच राहत. गवत पिवळे पडले, मधेमधे टक्कल दिसू लागले.

"दम धर, येईल," असे म्हणून ते पुन्हा रोलर फिरवत.

शेवटी त्यांचाच दम संपला. "फरशी घालून टाकू. फरशीवाला हातातलं काम संपवून येतोच आहे," ते म्हणाले. वहिनी वाद न घालता दिराकडे गेल्या आणि मला घेऊन आल्या.

आदल्या संध्याकाळी त्यांनी जमीन भिजवून ठेवली. सकाळी यजमान कामावर गेल्यावर मला रोवले आणि पट्टीवर पाय दिला. मी कुरकुर न करता खाली उतरलो. वर आलो तेव्हा प्रत्येक दातात मातीची एकेक कांडी होती. पुन्हा रुतलो की नवी कांडी जुनीला बाहेर ढकली. दुपारपर्यंत सगळी हिरवळ मी भोकाभोकांची केली आणि तिच्यावर कांड्यांचा सडा पाडला. असे नेटके काम रोलरने जन्मात केले नसेल.

यजमान घरी आले, त्या कांड्या पाहिल्या आणि तडक कुंपणाशी गेले. पलीकडे शिंपी मास्तर राहत.

"मास्तर, तुमच्या कुत्र्याला आवरा. सगळी हिरवळ घाण केली त्यानं."

मास्तरांनी मांडीवरच्या मुठीएवढ्या पिल्लाकडे पाहिले. "ह्यानं? एवढ्यासाठी मला हत्ती पाळावा लागेल हो."

वहिनींना हसू आवरेना. "अहो, माती आहे ती. झाडू नका, तिथंच विरून जाईल."

"आणि ही भोकं?"

"मला दम धर म्हणता ना? त्या मातीनं किती वर्षं दम धरलाय. आता घेऊ दे की तिला श्वास."

त्यांनी भोकांत वाळू आणि खत भरले. रोलरच्या दांड्यावर मात्र ओली फडकी वाळत घालायला सुरुवात केली, म्हणजे त्याला कोणी हात लावायला नको. हळूहळू एकेका भोकातून हिरवे ठिपके डोकावू लागले आणि एकमेकांना जाऊन मिळाले.

एके दिवशी फरशीवाला टेप घेऊन आला. "इथं पाणी मुरतच नाही, बघा," असे म्हणत यजमानांनी बादली ओतली आणि तळे साचायची वाट पाहिली. साचले नाही. त्यांनी दुसरी बादली ओतली. तीही गेली.

फरशीवाला म्हणाला, "साहेब, मग फरशी घालायची कुठं?"

यजमानांनी आधी गवताकडे, मग वहिनींकडे पाहिले. "त्या कोपऱ्यात घाला थोडी. रोलर ठेवायला."

आजही रोलर त्या फरशीवर बसून आहे, फडकी सांभाळत. मला मात्र दरवर्षी बोलावणे येते. मधे एकदा मला न धुताच भिंतीला टेकवले होते. माती दातांत घट्ट वाळली आणि पुढच्या खेपेला मी नुसताच खड्डे पाडत बसलो. म्हणून सांगतो, मित्रांनो, पायाखालची जमीन कडक लागली तर तिला आणखी दाबू नका, मोकळी करा. आणि काम झाले की माझे दात साफ करून, तेलाचा हात फिरवून ठेवा. तुम्ही म्हणाल, ही सगळी पोकळ बढाई. असेना का. मी पोकळ आहे, म्हणूनच ती हिरवळ हिरवी आहे.