धोंडाबाई बियरची भट्टी बघायला जातात

जांभूळवाडीत धोंडाबाईंनी बाटली आडवी केली त्याला तीन वर्षं होत आली होती. वेशीवरचा बियर बार ठेवायचा की घालवायचा, यावर गावातल्या बायांचं मतदान झालं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली नि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे बार बंद. धोंडाबाई तेव्हा दारोदार फिरल्या, ओल्या बाळंतिणीला रिक्षात घालून मतदानाला आणलं, आणि बारवाल्याला भर चौकात म्हणाल्या, "तुझं शटर मी माझ्या हातानं खाली वढीन." वढलंही. आधी सगळे त्यांना शेवंतीवाल्या धोंडाबाई म्हणायचे, कारण नाशकाच्या फुलबाजारात त्यांच्या शेवंतीला मान होता. त्यानंतर बाटलीवाल्या धोंडाबाई म्हणायला लागले. असलं नाव लावू नका म्हणून त्या ओरडायच्या, पण कुणी विसरला तर त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आणि आता त्यांच्या नातीनं, सृष्टीनं, नवरा पसंत केला तो बियर करणारा.

पोरगा लासलगावचा, ज्ञानेश नावाचा. जातीतला, शिकलेला, दिसायला नीटस. जर्मनीत जाऊन काय शिकून आला, तर बियर. सृष्टीचा बाप गोरक्ष म्हणाला, "आईनं हो म्हणलं तर माझी ना नाय." म्हणजे सगळं ओझं धोंडाबाईंच्या डोक्यावर. त्यांना ना म्हणायला काय लागत होतं, एक शब्द. पण सृष्टीनं जेवण टाकलं नाही, ती रडलीही नाही, नुसती म्हणाली, "आजी, न बघता तू एक मेथीची जुडीसुद्धा घेत नाहीस." हे मात्र लागलं.

"बघते," धोंडाबाई म्हणाल्या. "बघून नाय म्हनते."

ज्ञानेशनं बेत सांगितला. जीप घेऊन नाशिकभोवती एक चक्कर मारायची, जिथं जिथं बियर नि वाईन होते ती ठिकाणं दाखवायची, मग आजींनी ठरवायचं. सृष्टी होतीच, शिवाय धोंडाबाईंनी धाकट्या जावेला, भागीबाईला, बरोबर घेतलं. भागीबाईनं पाहिलेलं संध्याकाळपर्यंत गावाला कळतं, म्हणजे साक्षीदार वेगळा शोधायला नको.

जीपमध्ये बसायच्या आधी त्यांनी आपला नेम सांगून टाकला. "सोयरीक ठरत नाय तवर मुलाकडच्या पान्याचा थेंब घ्यायचा नाय. गोड तर नायच. गोड खाल्लं म्हनजे शब्द दिला. माझं पानी माझ्याजवळ हाय." त्यांनी पितळी कळशी मांडीवर घेतली.

"आजी, उन्हाळा आहे, निदान रस तरी..." ज्ञानेश म्हणाला.

"गाडी चालू कर."

पहिलं ठिकाण म्हणजे शहराबाहेरचा बियरचा मोठा कारखाना. फाटकावरच्या वॉचमननं पास मागितला. ज्ञानेशनं ओळख सांगितली, फोन लावला, उपयोग नाही. धोंडाबाई खाली उतरल्या.

"काय लपवता रं आतमधी?"

"आजी, बाहेरच्या माणसाला सोडायची ऑर्डर नाय."

"बाहेरचेच पितात ना तुमची?"

वॉचमन हसला, पण फाटक उघडलं नाही. ज्ञानेश म्हणाला, "म्हणूनच मला मोठा कारखाना नकोय. लहान भट्टी पाहिजे. गावागावात वेगळी चव, पेठच्या डोंगरातली नाचणी घालून एक, आपल्याकडच्या..."

"आमच्याकडचं काय घालनार? शेवंती?"

ज्ञानेशनं मान डोलावली. "घालून बघता येईल."

भागीबाई खुदकन हसली, आणि धोंडाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की ती पुढची दोन गावं खिडकीबाहेर बघत बसली.

दुसरं ठिकाण रस्त्यात पाटी दिसली म्हणून. पाटीवर लिहिलेलं, 'ताजी बियर, घरगुती चव'. ज्ञानेशनं आनंदानं जीप वळवली. निघाला धाबा. मालकानं फ्रिज उघडून दुकानात मिळते तीच बाटली काढली, आणि घरगुती काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "शेव घरची हाय." ज्ञानेशचं तोंड इतकं उतरलं की धोंडाबाईंना मनातून जरा बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचा रागही आला. शेव भागीबाईनं खाल्ली. शेव तिखट, आणि धाबा परक्याचा, म्हणून चाललं.

तिसरी होती वाईनची जागा, द्राक्षांच्या मधोमध. मुंबईची माणसं काचेचे पेले गोल गोल फिरवत होती, नाक आत घालत होती, घोट घेत होती आणि बादलीत थुंकत होती.

"सृष्टे," धोंडाबाई म्हणाल्या, "यांना काय झालं?"

"चव बघतात आजी. चढू नये म्हणून थुंकतात."

"मंग घेतात कशाला?" त्यांनी पदर नाकाला लावला. "आमच्या गावचा नथू लोळायचा, पन घेतलेलं कधी थुंकला नाय."

हे त्या जरा मोठ्यानं बोलल्या. एका बाईनं पेला हळूच खाली ठेवला.

भागीबाईला तिखटानं तहान लागली होती, तोंडही पोळलं होतं. मोठी जाऊ बोलण्यात गुंतलेली बघून तिनं कळशी उचलली, पोटभर प्याली, उरलेल्या पाण्यानं चूळ भरली आणि तोंड धुतलं. जीपमध्ये परत बसल्यावर धोंडाबाईंनी कळशी हलवून पाहिली.

"भागे."

"शेव लय तिखट होती बाई."

वणीच्या रस्त्याला लागेपर्यंत धोंडाबाईंची जीभ टाळूला चिकटली. रस्त्यात रसाचं गुऱ्हाळ लागलं, शहाळी लागली. पण गाडी थांबवायची कुणी, ज्ञानेशनं. पैसे द्यायचे कुणी, ज्ञानेशनंच पुढं होऊन. सृष्टी आरशातून बघत होती, तर त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे तहान दिसायला नको.

चौथं ठिकाण म्हणजे द्राक्षबागेच्या कडेची पत्र्याची शेड. ज्ञानेश म्हणाला, "ही शेवटची." त्याचा फोन वाजला, तो बोलत बांधाकडं गेला. सृष्टी त्याच्यामागं गेली. धोंडाबाई नि भागीबाई आत शिरल्या. दोन मोठी स्टीलची पातेली, एक टाकी, आणि एक बाई झारा घेऊन उभी. नाव कलाबाई. शेड झाडायची, पातेली घासायची, सांगतील ते ढवळायची. वास असा येत होता की आईच्या घरी सातू भाजायचे तो दिवस आठवावा.

"पानी हाय का गं?" धोंडाबाईंनी विचारलं.

"टँकर आलाच नाय मावशी. हे घ्या, गार झालंय." कलाबाईनं पातेल्यातनं पेला भरला.

"बियर?"

"नाय हो. परवाना यायचाय, तवर नुसता सातूचा काढा उकळून चव बघतात. खमीर टाकून आंबवल्याबिगर बियर व्हत नाय. मी रोज पिते."

धोंडाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. बाई सरळ उभी होती, डोळे स्वच्छ होते. आपल्यासारखीच राबणारी, ज्ञानेशची ना आत्या ना मामी. एका बाईनं दुसरीला तहानेला काही दिलं, तर त्याला सोयरिकीशी काय. त्यांनी पेला तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. दुसरा मागून घेतला. गुळाच्या काकवीसारखं गोड होतं, घशातून उतरताना थंड वाटत होतं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मालक कोन तुझा?"

"अहो, त्यांच्याच जीपमधी आला की तुम्ही."

भागीबाईनं आपला पेला मध्येच थांबवला. मग उरलेला पिऊन टाकला, कारण आता काय फरक पडत होता.

ज्ञानेश नि सृष्टी आत आले तेव्हा धोंडाबाई रिकामा पेला हातात धरून उभ्या होत्या. कुणी सांगायची गरज नव्हती. सृष्टीनं तोंडावर हात ठेवला.

"हे तुझं ठरवून हाय," धोंडाबाई नातीला म्हणाल्या.

"नाही आजी. शेड त्याची आहे हे मला माहीत होतं. आधी सांगितलं असतं तर तू उतरली नसतीस. पण पाणी संपेल हे कुणाला माहीत."

"ज्याच्या पोटात गेलं त्याला माहीत," धोंडाबाईंनी जावेकडं पाहिलं.

भागीबाई आज जन्मात पहिल्यांदा दबली नाही. "माझ्याकडं काय बघता? आमच्या घरी मला बघायला आले तवा धाकल्या दिरानं शिरा खाल्ला. घरी जाऊन सगळे म्हनत होते, मुलगी काळी हाय, नको. तुम्हीच म्हनल्या, शिरा पोटात गेलाय, आता मागं नाय फिरायचं. माझं लग्न शिऱ्यावर झालं. शिऱ्याला माफी नव्हती, मंग ह्याला कशी?"

कलाबाईसुद्धा झारा थांबवून बघत राहिली.

तेव्हा ज्ञानेश पुढं आला. भला पोरगा, मऊ आवाजात म्हणाला, "आजी, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी धरत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही मानू. हे प्यालेलं आपण विसरून जाऊ."

इथं त्याची चूक झाली, किंवा नशीब उघडलं.

"तू धरत नाय?" धोंडाबाईंचा आवाज चढला. "नेम माझा. माझ्या सासूनं मला दिला, मी तो सगळ्या घराला लावला, आन त्याला सूट देनारा तू कोन? उद्या गावात म्हनतील, धोंडाबाईला लासलगावच्या पोरानं माफ केलं. भागे, तूच सांगशील."

"सांगनारच," भागीबाई म्हणाली.

"दोन पेले प्यायले मी. एक नाय, दोन. झाली सोयरीक." त्या कलाबाईकडं वळल्या. "तुझ्यादेखत झाली." मग ज्ञानेशला, "तुझ्या आईला म्हनावं, बस्त्याला मी येनार, साड्या मी निवडनार. आन लग्नात कुनाच्या तोंडाला वास आला तर मांडवातनं बाहेर. नवरदेव असला तरी."

"हो आजी."

"हो काय. वाक."

तो वाकला, पायाला हात लावला. सृष्टी वाकता वाकता रडायला लागली, तेव्हा धोंडाबाईंनी तिच्या पाठीत एक धपका घातला आणि हात तिथंच ठेवला.

गावात ही बातमी भागीबाईच्या आधी आपण सांगायची, हे त्यांनी परतीच्या वाटेवरच ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं तोडायला बाया मळ्यात जमल्या. त्यात सावित्रीबाई होती, मतदानाच्या वेळी धोंडाबाईंच्या खांद्याला खांदा लावून फिरलेली. सगळ्यांसमोर तिनंच विचारलं, "सृष्टीचं जमलं म्हनतात. पोरगा काय करतो?"

धोंडाबाईंनी शेवंती तोडायचं थांबवलं नाही. "बियर करतो."

एक बाई टोपली डोक्यावरून उतरवून उभी राहिली.

"सोता पितो?"

"चाखतो. थुंकतो का गिळतो ते अजून इचारलं नाय, पन इचारनार हाय."

"नोकरी?"

"मालक हाय."

सावित्रीबाईनं चार फुलं तोडून टोपलीत टाकली. धोंडाबाई वाट बघत होत्या, काय बोलते त्याची. अख्ख्या गावात त्यांना हिच्याच बोलण्याची काळजी होती.

"त्याला धाकटा भाऊ हाय का वं?" सावित्रीबाईनं शेवटी विचारलं. "आमची प्रतिभा यंदा बारावी झाली."

"हाय. पन तो बापाबरोबर कांद्याच्या व्यापारात."

सावित्रीबाईनं मान हलवली. "कांद्याचं काय खरं नसतं बाई," ती म्हणाली, आणि पुढच्या सरीत गेली. "त्यापेक्षा तुमचाच बरा."