शहाबानोसाठी बसणारी गाडी

मुबारकच्या गाडीला खाली बसता यायचं. बटण दाबलं की ती भलीथोरली एसयूव्ही सुस्कारा टाकून वीतभर खाली यायची आणि माणूस आत शिरला की पुन्हा उठून उभी राहायची. लोखंडी स्प्रिंगांच्या जागी तिच्या चाकांवर हवा भरलेले रबरी फुगे होते, त्यांची ही करामत. एअर सस्पेन्शन म्हणतात त्याला. पनवेलच्या मोहल्ल्यात हा तमाशा बघायला पोरंटोरंच काय, चांगली पिकल्या दाढीची माणसंही जमायची. मुबारक प्रत्येकाला हौसेने बटण दाबून दाखवायचा. गाडी जुनी, तीन मालकांकडून फिरून आलेली. पण त्याची ऐट अशी की ती कारखान्यातून थेट त्याच्याच दारात उतरली असावी.

गाडी घेतली होती बायकोसाठी. मुबारकचा उभा जन्म कुवेतमध्ये एका अरबाबाची, म्हणजे तिथल्या मालकाची, गाडी चालवण्यात गेला. अरबाबाची म्हातारी आई आली की तो बटण दाबायचा, गाडी बसायची आणि म्हातारी झोकात आत शिरायची. इकडे पनवेलला शहाबानो मात्र दुखरे गुडघे धरून रिक्षात चढायची. दर सुट्टीत मुबारक ते बघायचा आणि जीव कासावीस करून परत जायचा. कायमचा घरी आला तेव्हा त्याने ना घराला रंग दिला, ना दुकानाचा गाळा घेतला. बायकोसाठी बसणारी गाडी घेतली. नातेवाईकांनी कपाळाला हात लावला. लावोत बापडे.

पण हवाच ती, किती दिवस टिकणार? उलव्याकडे डंपरांनी रस्त्यांची पार चाळण करून टाकलीय. तिथे दणके खाऊन खाऊन मागच्या डाव्या फुग्याला चीर पडली. सकाळी बघावं तर गाडी त्या कोपऱ्यात खचलेली. पळस्प्याच्या मेकॅनिक शैलेशने ती गॅरेजमध्ये वर उचलून पाहिली.

“चाचा, हा फुगा कधीही जाईल. वळणावर गेला तर गाडी एका अंगाला कलेल, तुम्हाला आवरणार नाही. बाकीचे तीनही सुकलेत. आणि या मॉडेलचा नवा माल आता येत नाही. सरळ लोखंडी स्प्रिंग टाकून देतो, कटकट मिटेल.”

“मग बसंल काय ती?”

“स्प्रिंगवर कशी बसेल?”

“मग ऱ्हाऊ दे,” मुबारक म्हणाला आणि चावी घेऊन निघाला.

त्या दिवसापासून त्याचा एक चोरटा कार्यक्रम सुरू झाला. पहाटे फजरची नमाज पढून आला की तो वर न जाता गाडीत बसायचा आणि इंजिन चालू करायचा. कॉम्प्रेसर घरघरत हवा भरायचा, खचलेला कोपरा हळूहळू वर यायचा. शहाबानो खाली येईपर्यंत गाडी ताठ उभी. मग तिच्यादेखत तो बटण दाबून गाडीला पुन्हा बसवायचा! शुद्ध वेडेपणा होता, आणि स्टिअरिंगवर केस पांढरे केलेल्या ड्रायव्हरला तर तो मुळीच शोभत नव्हता. पण बायकोवर एवढा जीव असला की माणसाचं डोकं जरा बाजूलाच राहतं.

शहाबानोच्या बहिणीची लेक नशरा, तिचा निकाह म्हसळ्याला होता. हळू चालवू, काही होत नाही, अशी स्वतःची समजूत घालून मुबारक सकाळी निघाला. पळस्पे मागे पडलं आणि समोर डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागला. त्याने हात असा ठेवला की दिवा तिला दिसू नये. कर्नाळ्याच्या वळणावर मात्र मागून धाडकन आवाज झाला. गाडी डावीकडे झुकली ती झुकलीच, चाक कशाला तरी घासू लागलं आणि शेजारून एक ट्रेलर अगदी चाटून गेला. शहाबानोच्या मांडीवरचा मिठाईचा डबा घसरून दारावर आदळला. दिवा आता लाल झाला होता.

“काय झालं वो?”

“काय नाय. हळूहळू पेणपर्यंत जाऊ, मग बघू.”

शहाबानोने घसरलेला डबा उचलून मांडीवर घेतला. “तुमी त्या अरबाबाला वाळवंटात उतरवलावता ना?”

हा किस्सा मुबारक प्रत्येक दावतीत सांगायचा. भर दुपारी लाल दिवा लागला, त्याने गाडी थांबवली. अरबाब शिव्या देत राहिला, पण याने चावी खिशातून काढली नाही.

“लाल दिवा लागला का थांबायचं, मागं बसलेल्याचा जीव आपल्या हातात असतो, असं तुमीच सांगता,” ती म्हणाली. “मग माझा जीव त्याच्यापेक्षा स्वस्त हाय काय?”

मुबारकने गाडी रस्त्याच्या पार कडेला घेतली, मागे लाल त्रिकोण उभा केला आणि शहाबानोला हाताला धरून रस्त्यापासून लांब झाडाखाली नेऊन बसवलं. तो ट्रेलर काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

“स्प्रिंग टाकले असते तर ती तुझ्यासाठी बसली नसती, बानो,” तो कसाबसा म्हणाला.

“मला ठाव हाय. रोज फजरला खिडकीतून बघते मी तुमाला.”

“मग बोलली का नाय?”

“बटण दाबून तुमी माझ्याकडं असं बघायचे, मला बोलवायचंच नाय.” तिने पदराने डोळे पुसले. “माझं पण चुकलं.”

नशराचा भाऊ यासीन फुलं घेऊन पनवेलहून जीपने निघालाच होता. फोन केल्यावर तो थोड्या वेळात येऊन पोचला. मुबारकने जीपची पायरी बघितली. ती शहाबानोच्या गुडघ्यांच्याही वर होती.

“खाला, उचलून ठेवू काय?” यासीनने विचारलं.

“मी काय गोणी हाय? आपल्या गाडीची डिकी उघडा.”

डिकीत चादरीखाली एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल निघालं. मुबारक त्याच्याकडे बघतच राहिला.

“ह्या कवा घेतलास?”

“गाडी आली त्याच आठवड्यात. म्हटलं, यंत्र हाय, कधी रुसंल काय सांगावं.”

खडीवर स्टूल डुगडुगत होतं. मुबारक खाली उकिडवा बसला आणि त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. नवऱ्याच्या टोपीवर हात टेकून शहाबानो सावकाश वर चढली.

त्याने तिथेच बसल्या बसल्या फोन लावला. “शैलेश, गाडी कर्नाळ्याला हाय, उचलून न्यायला कोन तरी पाठव. आणि स्प्रिंग टाक.”

“नक्की ना, चाचा?”

“चारीच्या चारी टाक.”

फोन खिशात ठेवून तो उठला, कपडे झटकले आणि जीपच्या पुढच्या सीटकडे वळला. तेवढ्यात आतून शहाबानोचा आवाज आला, “अवो, स्टूल घ्या. उतरायचं पण हाय ना मला.”