आबासाहेबांचा वनवास

दूध संघाच्या निवडणुकीत आबासाहेब सख्ख्या धाकट्या भावाकडून, राधाकृष्णकडून, हरले. त्या रागात संघाचं कार्यालय फोडलं आणि फरार झाले. फरार म्हणजे काय, तर पाथर्डीच्या डोंगरात मुक्ताबाई आणि भागवत या धनगर नवरा-बायकोच्या तळावर येऊन बसले. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

अंगावर घोंगडी घेऊन ते दिवसभर प्रवचन देत. खुर्चीत सुख नाही, खरं राज्य या माळावर. मुक्ताबाई तर त्यांची धर्माची बहीण, तिच्या भाकरीपुढे लग्नाच्या पंगती फिक्या. भाकरी मात्र तव्यावरून उतरलेलीच लागे, आणि मेंढ्यांच्या वासानं शिंका येत म्हणून झोपायला वाऱ्याकडची जागा. भागवत भोळा, हात जोडून ऐकायचा. मुक्ताबाईला या सोंगाची किळस यायची.

दिवाळी सरली. डोंगरावरचं गवत संपलं, मेंढ्यांचं दूध आटलं, कोकरं मरू लागली. नेवाशाकडं रानं मोकळी झाली होती, खतासाठी शेतकरी मेंढ्या बसवायला बोलावत होते. आबासाहेब म्हणाले, हलायचं नाही, वाटेत पोलीस मला ओळखतील. त्या दिवशी आणखी एक कोकरू गेलं. मुक्ताबाईनं ते पुरलं आणि घोड्यावर बिऱ्हाड लादलं. राजेसाहेबांना भाकरी थापता येत नव्हती, म्हणून तेही शिंकत मागोमाग निघाले.

मेंढ्या बसल्या त्या राधाकृष्णच्याच सोयाबीनच्या रानात. बोलावणं त्याचंच होतं, आणि पाहुण्यांना ते सांगायची तसदी मुक्ताबाईनं घेतली नव्हती. भाऊ बांधावर येताच आबासाहेबांनी घोंगडी डोक्यावरून ओढली, पण खालून पांढरे बूट दिसले. भावानं पोलीस बोलावले नाहीत, मिठी मारली. पक्षातून वरून निरोप आला होता, दोघांनी एक व्हायचं. फिर्याद भावाचीच होती, ती मागे घ्यायचं ठरलं. दोघं रडले, सोयीपुरते. दुसऱ्या दिवशी मनोमिलनाचा मेळावा ठेवला.

सकाळी आबासाहेब इस्त्रीच्या कपड्यांत, भावाला सोबत घेऊन, बांधावर आले.

"मुक्ताबाई, मेंढ्या उठव. इथं गाड्या लावायच्यात."

धर्माची बहीण एका रात्रीत संपली. रानात कोकरं आयांना लुचत होती. भागवत काठी घेऊन उठला. मुक्ताबाईनं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"आबासाहेब, डोंगरावं तुमी आमच्यात येऊन बसला. आमी तुमाला उठा म्हन्लो न्हाई."

आबासाहेबांनी भावाकडं पाहिलं. भावानं रानाकडं पाहिलं. लेंडीखत त्याला भावापेक्षा लाडकं होतं. गाड्या डांबरी रस्त्यावरच लागल्या.