फाइलींचा मालक

"परवानगी नाही, असं मशीन म्हणतंय. मी काय करू?" संगणक सांभाळणारा हरिहर चित्रे खुर्चीत मागे रेलून म्हणाला.

खिडकीपलीकडे मंजुळा नाखवा उभी होती. चेंदणीच्या कोळीवाड्यातून चालत आलेली. तिच्या लक्ष्मीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, फक्त जन्माचा दाखला हवा होता.

"दादा, उद्याची शेवटची तारीख हाय. पोरीचं वरीस जाईल."

"कंपनीचा इंजिनियर आठ दिवसांनी येणारे. मग बघू."

बाजूच्या टेबलावरच्या सुमती खऱ्यांचे कान तापले. खोपटच्या या धर्मादाय प्रसूतिगृहात त्या बावीस वर्षं कारकून होत्या. संगणक आला तेव्हा जुन्या रजिस्टरांतले अकरा हजार जन्म त्यांनीच एकेक करून त्यात भरले. मग रजिस्टरं रद्दीत गेली. गेल्या आठवड्यात हार्ड डिस्क बदलली आणि त्यांचीच एकही फाइल त्यांना उघडेना.

"चित्रे, फाइली आहेत," त्या म्हणाल्या. "बॅकअपच्या टेपवरून परत घेताना सगळ्या तुमच्या मुख्य खात्याच्या नावावर चढल्यात. मालक बदला, उघडतील."

"बाई, हे टेक्निकल आहे."

"मॅन्युअल चार वर्षं कपाटात पडून होतं. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा मीच फाडलं. उठू नका, पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. मी सांगते ते टाइप करा. इंजिनियरची वाट बघायला या बाईंकडे आठ दिवस नाहीत."

रांगेतले लोक ऐकत होते. चित्रेने नाइलाजाने कीबोर्ड ओढला.

"मालक बदलायची आज्ञा: सी, एच, ओ, डब्ल्यू, एन. जागा सोडा. आडवी रेघ, मोठा आर. जागा. आता माझं नाव. एस, यू, एम..."

फोल्डरचं नावही सांगून झालं. त्याने बटण दाबलं. सुमतीबाईंनी आपल्या टर्मिनलवर फाइल उघडली. नाखवा लक्ष्मी, नऊ जून अठ्ठ्याहत्तर, पहाटे चार वीस. प्रिंटर करकरू लागला.

"बाय, तुझं लय भलं होईल," म्हणत मंजुळाने कागद पदरात घेतला आणि ती जवळजवळ पळतच गेली.

सोमवारी विश्वस्त साहेबांनी सगळ्यांसमोर चित्रेची पाठ थोपटली. "इंजिनियरशिवाय दुरुस्त केलंस! शाब्बास!"

चित्रेने हसून मान डोलावली.

"साहेब, ते मी सांगितलं होतं," सुमतीबाई म्हणाल्या.

"हो हो, तुम्हीही मदत केलीत ना. टीमवर्क!" साहेब घड्याळ बघत म्हणाले. चहा आला.

सुमतीबाई चहा न घेता टेबलाशी आल्या. कोऱ्या कागदाखाली कार्बन लावून त्यांनी चार ओळी लिहिल्या: कुठल्या तारखेला काय बिघडलं, कशाने दुरुस्त झालं, कोणी सांगितलं. खाली सही केली आणि अर्ज आवक टेबलावर नेला.

तिथली शीला वाचून गडबडली. "बाई, कशाला उगाच? काय होणारे याने?"

"काही नाही होणार. तू शिक्का मार."

शीलाने दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला. सुमतीबाईंनी आपली प्रत नीट घडी करून पर्समध्ये ठेवली, पदर खोचला आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

"या, पुढे कोण?"