राजाच्या शिक्क्याचं दार

काकुली जेवण घेऊन गडाच्या तळघरापाशी आली, तेव्हा दार बंद होतं. दोरीवर माती थापलेली, मातीवर राजाचा शिक्का. आणि आतून कोणीतरी दार ठोकत होतं.

तिचा नवरा एरिनु सकाळपासून आत रांजणांची झाकणं लिंपत होता. रांजणांत नवा द्राक्षरस फसफसत होता आणि त्याची वाफ कोंडली की आधी दिवा विझतो, मग माणूस. तेशेबाईनी गडावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोठारी शगाश मात्र आत डोकावायचे कष्ट न घेता शिक्का मारून, हल्दीदेवाच्या बळीचं मटण खायला वर गेला होता.

"वहिनी, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला. "शिक्का फोडला तर मनगटापासून हात जातो. कोठारी येऊ देत."

"तोवर आतला माणूस गेला म्हणजे?"

"आणतो ना त्यांना," तो म्हणाला आणि सुटलो बुवा अशा चेहऱ्याने चढण चढू लागला.

ठोकणं मंदावलं. मग थांबलं. हात गेला तर कणीक कशी मळायची, हा भलताच विचार काकुलीच्या डोक्यात आला. तिने दगडाने माती फोडली, दोरी ओरबाडून काढली. एरिनु उंबऱ्यातच पडला होता. काखेत हात घालून तिने त्याला बाहेर ओढलं. आत मिट्ट काळोख होता.

तेवढ्यात शगाश पहारेकऱ्यासोबत धापा टाकत आला. फुटलेला शिक्का पाहून तो पांढराफटक पडला. जिवंत माणूस कोंडल्याचं वर कळलं, तर त्याचीही धडगत नव्हती. त्याने घाईघाईने दार लोटलं, दोरी बांधली, ओली माती थापली, शिक्का दाबला.

"तू काही केलं नाहीस, मी काही पाहिलं नाही. घेऊन जा याला."

काकुलीचा जीव भांड्यात पडला. हात वाचला, नवराही वाचला. तोच एरिनुने डोळे उघडले.

"तो कुठाय? माझ्यासोबतचा?"

"तो लढाईत धरून आणलेला?" शगाश म्हणाला. "आपली भाषासुद्धा धड येत नाही मेल्याला. त्याला कोण विचारतंय?"

आतून काहीच आवाज येत नव्हता. या वेळी कोठारी समोर उभा होता आणि पहारेकरीही. काकुलीने दाराकडे हात नेला.

माती अजून ओली होती. लगेच निघाली.