दाट कुरळे केस

दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट दोन हजार शब्दांत बसवणं म्हणजे एका लहान बॅगेत दोघांचे कपडे कोंबणं. भेट, ओढ, रुसवा, कबुली, आणि मग अंथरूण. अंथरूण लांबलं की प्रेमाला जागा उरत नाही, आणि प्रेम लांबलं की वाचक मासिकाच्या संपादकबाईंना पत्र लिहितात, "हे दोघे शेवटपर्यंत नुसता चहाच पिणार आहेत का?"

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो आणि गिऱ्हाईक नसलं की या गोष्टी लिहितो. नजरानजर, चोरटा स्पर्श, घशात अडकलेलं वाक्य, यात माझा हात धरणारा कोणी नाही. पण शर्टाचं पहिलं बटण निघालं की माझं पेन अडतं. चाळिशी उलटली तरी कान लाल होतात. म्हणून मी एक युक्ती काढली होती. एका सुट्टीत मन घट्ट करून सात शृंगारप्रसंग लिहून टाकले आणि दुकानातल्या एका फाइलीत ठेवले. फाइलीवर लिहिलं 'तुटलेल्या दांड्या', म्हणजे कोणी उघडायला नको. एक प्रसंग सोफ्यावरचा, एक न्हाणीघरातला, एक हॉटेलच्या खोलीतला. नावांच्या जागी रिकाम्या रेघा. गोष्ट झाली की त्यातला एक उचलायचा, रेघा भरायच्या आणि मधे बसवून द्यायचा. अशा नऊ गोष्टी छापून आल्या. म्हणजे दोन प्रसंग दोनदा वापरले, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

दहावी गोष्ट मात्र आमची होती, माझी आणि बेकरीवाल्याची.

बेकरीवाला म्हणजे माझा माणूस. सहा वर्षं आम्ही एका घरात राहतो. वरच्या मजल्यावर माझी थोरली बहीण राहते. ताई त्याला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणते, कारण तिच्या मते आमच्या घरात एक तरी जावई यायलाच हवा होता आणि तिने स्वतः तसा काही विचार केला नव्हता. त्याच्या हातांवर भट्टीच्या गरम ट्रेंनी भाजल्याच्या आडव्या खुणा आहेत आणि डोक्यावर सदा पांढरी टोपी. पंचविशीतच त्याचे केस गेले, त्याची सल काही गेली नाही. टोपी कामावर असते, बाजारात असते, दवाखान्यातही असते. फक्त घरात आल्यावर तो ती दारामागच्या खुंटीला लावतो.

गोष्टीची पहिली दोन पानं मी त्याला वाचून दाखवली होती. त्यात आमची पहिली भेट होती. तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा म्हणाला होता, "नंबर वाढलाय बहुतेक, सगळं धुरकट दिसतंय." मी त्याचा चष्मा काढून पुसला. नुसतं पीठ होतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा पीठ लावून. हे ऐकून तो इतका खूश झाला की त्याने बेकरीत सगळ्यांना सांगितलं, "माझ्यावर गोष्ट येतेय." ताईने तीन प्रती घ्यायचं जाहीर केलं.

गुरुवारी संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला. माझे हात कणकेत होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. तेवढं एक केलं नसतं तर!

"गोष्ट गोड आहे हो," बाई म्हणाल्या. "एकच शंका. पहिल्या पानावर तुमच्या बेकरीवाल्याला चकचकीत टक्कल आहे. तिसऱ्या पानावर नायक त्याच्या दाट कुरळ्या केसांत बोटं गुंतवतोय. मधे नेमकं काय झालं?"

टेबलाशी बेकरीवाल्याबरोबर मटार सोलणारी ताई शेंग हातात धरून तशीच राहिली.

"उद्या बारापर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर ती जागा मला दुसऱ्या गोष्टीला द्यावी लागेल. आणि हा प्रसंग मी आधी कुठे वाचलाय का हो?"

फोन बंद झाला. बेकरीवाल्याने शांतपणे विचारलं, "कुरळे केस कोणाचे?"

"कोणाचेच नाहीत रे! तयार माल आहे तो." मी फाइलीची सगळी भानगड सांगून टाकली. सांगताना ती जास्तच वाईट वाटली.

"म्हणजे ऐन वेळी जावईबापूंना उठवून तिथे दुसऱ्यालाच झोपवलंस?" ताई म्हणाली.

तो चिडला असता तर मी निभावून नेलं असतं. तो चिडला नाही. "पीठ माझं लिहिलंस," तो म्हणाला, "भाजलेले हात माझे लिहिलेस. आणि तिथवर पोचल्यावर तुला केस हवेसे वाटले." त्याने हात धुतले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि जेवायला बसला.

सहा वर्षांत तो या घरात टोपी घालून कधी जेवला नव्हता. ताई वर जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "गोष्ट गेली खड्ड्यात. आधी त्या टोपीचं बघ."

शुक्रवारी दुकानात गेल्या गेल्या मी 'तुटलेल्या दांड्या' फाडून कचऱ्यात टाकल्या आणि कोरा कागद घेतला. आठवायला बसलो, तर सगळं लख्ख आठवलं. पहिल्या वेळी शर्ट, पँट, मोजे काढायला त्याने जराही आढेवेढे घेतले नव्हते. टोपी मात्र काढली नाही. तीन आठवडे असं चाललं, की अंगावर चिंधी नाही आणि टोपी जागच्या जागी. मी एका शब्दाने विचारलं नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी तो म्हणाला, "डोळे मीट." मी मिटले. उघडले तेव्हा टोपी त्याच्या हातात होती आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्या डोक्यावर तळहात ठेवला. ताज्या पावासारखं ऊबदार होतं ते. त्या क्षणी मला तो इतका आवडला की रडू आलं.

तेवढं लिहिलं. कान लाल झाले, पण पेन थांबलं नाही. तळहातापाशी पूर्णविराम दिला आणि अकरा वाजता बेकरी गाठली.

त्याच्या चष्म्यावर पीठ होतं. मी चष्मा काढून पुसला, परत त्याच्या नाकावर ठेवला आणि हातात कागद दिला. पावाच्या मांडणीला टेकून त्याने तो दोनदा वाचला. मग कागद उलटून मागे बघितलं.

"इथेच संपलं?"

"मला वाटलं, एवढं पुरे. सभ्य वाटतं."

"टोपी काढल्यावर मी थांबलो होतो का?"

"नाही."

"तू थांबला होतास?"

"छे!"

"मग लिही की! त्या कुरळ्याला अख्खं पान आणि मला नुसता तळहात?"

ब्रेडच्या कागदी पिशवीवर आम्ही दोघांनी मिळून पुढचं लिहिलं. तो हलक्या आवाजात सांगत होता, मी लिहीत होतो. डावा गुडघा दुखतो म्हणून त्याने कूस कशी बदलली, ते घातलं. माझा चष्मा पलंगाखाली गेला आणि मी त्याला बोटांनीच वाचत गेलो, तेही घातलं. "मधेच मी हसलो होतो," तो म्हणाला, "ते गाळू नकोस. तू ओठांनी कुठे पोचला होतास तेही लिही." ते लिहिलं आणि कान लाल झाले ते भट्टीच्या उकाड्याने, असं त्याला सांगितलं. त्याने ते मानलं नाही.

बाराला पाच कमी असताना मी कागदाचा आणि पिशवीचा फोटो बाईंना पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "आता अंथरुणातही तुमचीच माणसं आहेत. घेतली."

संध्याकाळी ताई खाली आली. तिने माझ्याकडे बघायच्या आधी दारामागे बघितलं. टोपी खुंटीवर होती.

"मग तीन प्रती सांगते," ती म्हणाली. "तिसरं पान तेवढं मी वाचणार नाही बाई."

"वाचा की, ताई," टकलावरून हात फिरवत बेकरीवाला म्हणाला. "आता त्यात मी आहे."